मिठाचं पाणी

सातव्या पानावर रविकिरणचं बोट थांबलं, आणि गुरुपादप्पांना कळलं की आता सुटका नाही.

रविवारची दुपार होती. लातूरच्या घरात जेवणं नुकतीच उरकली होती आणि गव्हाची गोड हुग्गी खाऊन सगळ्यांना जडपणा आला होता. येत्या गुरुवारी धाकट्या भावाला, ईश्वरप्पाला नांदेडला न्यायचं, तिथल्या दवाखान्यात सही करायची, म्हणून त्याच्या बायकोनं, शांतम्मानं, घरच्या माणसांना जेवायला बोलावलं होतं. घरची माणसं म्हणजे आता उरली होती तेवढीच. मधल्या भावाची, श्रीमंतची विधवा कमलम्मा. तिची हैदराबादहून आलेली लेक अक्षरा. आणि स्वतः गुरुपादप्पा, तिघा भावांतले थोरले. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली होती आणि बायको गेल्यापासून ते या घराच्या वरच्या खोलीत पुस्तकांसोबत राहत होते.

रविकिरण हा ईश्वरप्पाचा मुलगा. बापाला दुसरा झटका आल्यापासून बाजार समितीतलं आडत दुकान तोच बघत होता. ऑपरेशनची तारीख कुठं लिहिलीय ते शोधायला म्हणून त्यानं संमतीपत्राची ती चौदा पानं हातात घेतली होती.

"दोडप्पा," तो म्हणाला, "हे काय हाय?" थोरल्या चुलत्याला दोडप्पा म्हणायची रीत या घरात आजीच्या कन्नड माहेरातून आली होती. "'सहभागी व्यक्तींपैकी निम्म्यांना औषधाऐवजी मिठाचं पाणी टोचलं जाईल. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला, नातेवाइकांना किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगितलं जाणार नाही.' हे तुमी अप्पांना वाचून दाखवलं होतं?"

गुरुपादप्पांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. काच स्वच्छच होती.

"मंगळवारी मी इथंच होतो," रविकिरण म्हणाला. "तुमी वाचत होता, मी ऐकत होतो. मिठाचं पाणी हा शब्दच माझ्या कानावर पडला न्हाई."

"तुझे कान मोबाइलात असतात," शांतम्मा ताटं गोळा करता करता म्हणाली. पण म्हणता म्हणताच तिनं दिराच्या तोंडाकडं पाहिलं आणि ताटं होती तिथंच ठेवली.

ईश्वरप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. वय एकोणसाठ. दोन वर्षांत दोन झटके. पहिला आला तसा गेला. दुसऱ्यानं उजवा हात लुळा केला आणि वाचता येणं नेलं. अक्षरं दिसायची, पण त्यांचे शब्द व्हायचे नाहीत. बोलणं शाबूत होतं, फक्त एखादा शब्द हवा तेव्हा सापडायचा नाही आणि मग तो डोळे मिटून थांबायचा. आताही त्यानं डोळे मिटले.

"अण्णा," तो म्हणाला. "गाळलंस?"

गुरुपादप्पांना खोटं बोलता येत नव्हतं. ही गोष्ट कोणाला सांगून पटली नसती, पण खरी होती. त्यांनी जन्मात कधी कोणाला खोटं सांगितलं नव्हतं. फक्त वाचताना काही ओळी सोडल्या होत्या.

"हाव," ते म्हणाले.

या घरात वाचून दाखवण्याचं काम त्यांच्याकडं आलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, आईला फक्त कन्नड बोलता यायचं; मराठी पत्र आलं की गुरुपाद वाचायचा आणि सगळे त्याच्या तोंडाकडं बघत बसायचे. त्या बघण्यातच सगळं होतं. आई तापानं पडली होती तेव्हा आत्याचं पत्र आलं. शेवटच्या चार ओळींत आत्यानं लिहिलं होतं की इथं माझे हाल आहेत, दिवाळीला कुणी तरी न्यायला या. आईचा चेहरा बघून त्यानं त्या चार ओळी वाचल्याच नाहीत. दिवाळीला कोणी गेलं नाही. आत्या पुढं दोन वर्षांनी आली तेव्हा तिनं काही विचारलं नाही, आणि गुरुपादनंही काही सांगितलं नाही. पण सवय लागली ती तिथून. वाईट ओळ समोर आली की जीभ आपोआप तिला वळसा घालायची, आणि ऐकणाऱ्यांची तोंडं उजळलेली राहायची. आपण हे चांगलं करतो की वाईट, हा प्रश्न त्यांना प्रत्येक वेळी पडला होता. उत्तर मिळेपर्यंत पान उलटलेलं असायचं.

"पण कामून?" कमलम्मानं विचारलं. ती भोकरकडची. तीस-पस्तीस वर्षं लातुरात काढूनही तिचं 'कामून' गेलं नव्हतं.

"तो ऑपरेशनलाच नको म्हटला असता," गुरुपादप्पा म्हणाले. "दोनदा नाही म्हटलाय. गळ्यातली शीर ऐंशी टक्के बुजलीय. अक्षरानं हे औषध सांगितलं तेव्हा कुठं तयार झाला. त्याला वाटलं, मेंदूला चिलखत मिळतंय. पाणी म्हटलं असतं तर…"

"मग मिळतंय का न्हाई चिलखत?" रविकिरण अक्षराकडं वळला. "तू सांग. तुझंच औषध हाय ना ते?"

अक्षरा एकतीस वर्षांची, बारीक अंगाची. हैदराबादच्या ज्या संस्थेत हे औषध तयार व्हायचं तिथं ती काम करायची. फॉर्मचं मराठी तिनं दोडप्पांकडूनच तपासून घेतलं होतं, आणि काकांना घरी शांतपणे वाचून दाखवा म्हणून त्यांच्याच हातात दिलं होतं. आता ती त्यांच्याकडं बघत नव्हती.

"ऑपरेशनच्या वेळी शीर काही मिनिटं बांधून ठेवतात," ती म्हणाली. "तेवढ्या वेळात मेंदूला रक्त कमी पडलं तर मेंदूचा काही भाग मरू शकतो. म्हणून तीन आठवडे आधी एक जनुक आत सोडायचं. विषाणूतला रोग काढून टाकलाय, त्याचं फक्त वाहन केलंय. ते जनुक मेंदूच्या पेशींत जाऊन बसतं आणि पेशी एक प्रथिन बनवायला लागतात. रक्त तुटलं तरी पेशी जास्त वेळ तग धरतात. उंदरांत धरतात. माकडांत धरतात. माणसांत धरतात का, तेच बघायचंय."

"मग पाणी कशाला?"

"त्याशिवाय कळणार कसं? दहा लोक वाचले तर ते औषधानं वाचले, का सर्जनचा हात चांगला होता म्हणून वाचले?"

"हे ठीक हाय. दुसऱ्यांसाठी ठीक हाय." रविकिरणनं खुर्ची पुढं ओढली. "आगं, पण तू आतली हायस. बाटल्या तुमच्याकडून जातात. त्यावर कायतरी खूण आसंल, नंबर आसंल. आपल्या अप्पांना खरी बाटली गेली पाहिजे, एवढं बघायचं. मी काय कुणाचं चोरायला सांगून राहिलो का?"

"हाव, दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला पाणी जाईल, एवढंच."

"मला दुसरा बाप न्हाई."

"मलाही नव्हता," अक्षरा म्हणाली.

शांतम्मानं उगाच पंख्याचा वेग वाढवला.

"नंबर असतो," अक्षरा सावकाश म्हणाली. "पण नंबरामागं काय आहे ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं. काका यात येणार म्हटल्यावर मी संस्थेला लिहून दिलंय, की माझे नातेवाईक आहेत, मला यातून बाजूला ठेवा. गुरुवारी मी नांदेडला पण येणार नाही."

"घ्या," रविकिरण म्हणाला. "आपल्याच घरात औषध आन आपल्यालाच तहान."

"रवी." हा आवाज ईश्वरप्पाचा होता. "तिला सोड." मग त्यानं डोळे उघडून थोरल्या भावाकडं पाहिलं. "अण्णा, आजून काय गाळलंस?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. रविकिरणनं सातव्या पानापुढं पाहिलं नव्हतं आणि आता कागद त्याच्याच मांडीवर उपडे पडले होते. गुरुपादप्पा नाही म्हणू शकत होते. आपण नाही म्हणणार असं त्यांना क्षणभर वाटलंही. भावाच्या चेहऱ्यावर अजून थोडी आशा शिल्लक होती. तेवढी तरी वाचवावी, असं त्यांची जीभ त्यांना सांगत होती.

"नववं पान," ते म्हणाले. "एकदा आत गेलं की ते परत काढता येत नाही. गोळी बंद करता येते, तसं हे बंद करता येत नाही. पुढं काही त्रास झाला तर त्रासावर इलाज करतील, पण जनुक तिथंच राहील. जन्मभर."

अक्षरानं पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. "दोडप्पा, याला संमती म्हणत नाहीत. ज्याला माहीतच नाही त्यानं हो म्हटलं, तर तो हो कोणाचा? तुमचा."

पुस्तकांत याची उत्तरं असतात, आणि ती पुस्तकं गुरुपादप्पांनीच कितीतरी मुलांना कपाटातून काढून दिली होती.

"तुमचं वाचन म्हंजी भावजी," शांतम्मा म्हणाली, "काढ्यात साखर घालून देणं. आमी बी मागून मागून पीत बसलो." तिला हे हलकं करून म्हणायचं होतं, पण बोलता बोलता ती खालीच बसली. "तुमच्या भरवशावर मी सही करायला निघाले होते. बायकोची बी सही लागती म्हणं त्यात."

"त्यांना एकट्याला बोलू नका," कमलम्मा म्हणाली.

ती भिंतीला टेकून खाली बसली होती, सुपारी कातरत. अडकित्ता तिनं बाजूला ठेवला.

"आमच्या ह्यांना झटका आल्यावर सोलापूरला नेलं होतं," ती म्हणाली, "तवा डॉक्टरनं कागद दिला. इंग्रजीत. भावजींनी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मला मराठीत सांगितला. अक्षरा अकराची होती, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती."

त्या कागदाबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं.

"भावजी वाचताना ओळीखालनं बोट फिरवतात. अजून फिरवतात. मला इंग्रजी येत न्हाई, पण बोट दिसतं. बोट चालून राहिलं, चालून राहिलं, आन एका जागी थांबलं. मग उचललं आन दोन ओळी खाली ठेवलं. 'रोज बोलायचा सराव करवून घ्यायचा,' म्हणाले."

"आई," अक्षरा म्हणाली.

"ह्यांची वाचा परत येणार न्हाई, हेच त्या दोन ओळींत आसंल, मला कळलं. तवाच कळलं."

"आई, मी आठ वर्षं…" तिला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. शाळेतून आली की ती बापाच्या पलंगाजवळ पाटी घेऊन बसायची. आ म्हणा बाबा, आता ई म्हणा. श्रीमंत छताकडं बघत राहायचा. आठ वर्षं. अकराची होती ती एकोणीसची झाली, तरी रोज संध्याकाळी पाटी नाहीतर वही निघायचीच. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी तिनं ती पाटी मागच्या नाल्यात फेकली होती.

"तुला माहीत होतं?" ती आईला म्हणाली. "आणि तू मला बसू दिलंस?"

"बसू दिलं." कमलम्मानं डोळे पुसले नाहीत, ती रडत नव्हतीच. "भावजींची आब राखायला गप्प बसले म्हणशील, तर न्हाई. मलाबी तेच पाहिजे होतं. मी त्या दोन ओळी मागितल्या आसत्या तर त्यांनी वाचल्या आसत्या. मी मागितल्या न्हाईत. ते एकटे खोटे न्हाईत, अक्षरा. वाचणारा एक आन ऐकून न ऐकणारी एक, आमी दोघं होतो."

अक्षरा उठली आणि गॅलरीत गेली. तिथून टँकरचा भोंगा ऐकू येत होता. गल्लीत पाणी आलं होतं, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. कमलम्मा तिच्यामागं गेली नाही. गुरुपादप्पांना जावंसं वाटलं, पण आपण गेलो तर काय बोलणार हे त्यांना ठरवता येईना. ते अर्धवट उठले आणि परत बसले.

श्रीमंतचा विषय निघाला तसा ईश्वरप्पाचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला होता. हे फक्त गुरुपादप्पांनाच दिसलं असावं. ईश्वरप्पाला मरणाची भीती नव्हती. तो तूर-हरभऱ्यातला माणूस, एका हंगामात उठला होता आणि एका हंगामात बसला होता, मरणाबद्दल तो चहा पिता पिता बोलायचा. त्याला भीती होती त्या पलंगाची. पहिल्या झटक्यानंतर शुद्धीवर आला तेव्हा त्यानं पहिलं काय केलं असेल, तर आपलं नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं. ईश्वरप्पा, ईश्वरप्पा. नर्सला वाटलं देवाचा धावा करतोय.

"रवी," तो म्हणाला, "कागद… अण्णाला दे."

"कशाला आता?"

"दे. अण्णा, वाच. पयल्यापासून. चौदाच्या चौदा."

"मी नको," गुरुपादप्पा म्हणाले. "अक्षराला सांग. रवीला सांग. माझ्यावर आता…"

"तूच." ईश्वरप्पानं कमलम्माकडं मान वळवली. "वैनी, तुमी इथं या. बोटाकडं… बघा."

कमलम्मा उठली आणि गुरुपादप्पांच्या शेजारी येऊन बसली. साठ वर्षांत त्यांच्या वाचनावर कोणी पहारा बसवला नव्हता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं, जसं जड ओझ्याला दुसऱ्यानं खालून हात लावावा.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. संशोधनाचं नाव. उद्देश. किती लोक. गॅलरीच्या दारात अक्षरा येऊन उभी राहिली, पण आत आली नाही. सहावं पान संपलं. सातव्यावर मिठाचं पाणी आलं, आणि तिथं त्यांचं बोट खरोखरच थांबलं. सवयीनं उचललं जाणार इतक्यात कमलम्माचा श्वास त्यांना ऐकू आला. त्यांनी ओळ वाचली. पुढची वाचली.

"थांब," ईश्वरप्पा म्हणाला. तो डोळे मिटून शब्द शोधत होता. "अक्षरा. नवं औषध आलं की आपले लोक… फवारतात. सगळ्या वावरात न्हाई. दोन… दोन…"

"तासं, पिकाच्या ओळी," रविकिरण म्हणाला.

"दोन तासं कोरी सोडतात. फवारलेलं आन कोरं, शेजारी शेजारी. मग कळतं. तसं?"

"अगदी तसं, काका."

"आन मी फवारलेलं तास का कोरं, हे कुणालाच…"

"कोणालाच नाही. डॉक्टरांनाही नाही. नाहीतर फवारलेल्याकडं डोळे जास्त प्रेमानं बघतात."

"ते खरं," ईश्वरप्पा म्हणाला. "आमच्या यार्डात बी आसंच. आपला माल चांगलाच दिसतो." मग भावाला, "वाच पुढं."

नवव्या पानाला त्यानं काही विचारलं नाही. परत दोनदा वाचायला लावलं, एवढंच. अकराव्या पानावर लिहिलं होतं की कोणत्याही क्षणी, कारण न देता, नाही म्हणता येईल आणि तरीही शस्त्रक्रिया होईल. ते ऐकून शांतम्मा म्हणाली, "म्हंजी पाण्याला न्हाई म्हटलं तरी शीर साफ करणार?" गुरुपादप्पांनी मान हलवली. हे वाक्य त्यांनी मंगळवारी वाचलं होतं, नीट, स्पष्ट; पण ज्याला पाण्याचं माहीतच नाही त्याला नाही म्हणायचं कशाला हेही कळत नव्हतं. एक ओळ गाळली की बाकीच्या ओळीही मुक्या होतात, हे त्यांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी समजत होतं.

चौदावं पान संपलं तेव्हा साडेचार वाजले होते.

"काय ठरलं?" रविकिरणनं विचारलं.

"गुरुवारपर्यंत," ईश्वरप्पा म्हणाला, "कुणी मला कायबी सांगू नका."

कोणी सांगितलं नाही. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तो नेहमीसारखा सकाळी आंघोळ करून पूजेला बसला. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, आणि भस्म लावायला उजवा हात उठत नाही म्हणून शेजारी शांतम्मा. पूजा एरवी दहा मिनिटांची. बुधवारी तो तासभर उठला नाही. अक्षरा हैदराबादला परत गेली होती. जाताना तिनं काकांना, काकूला नमस्कार केला, दोडप्पांनाही केला. पण त्यांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा तिची मान ताठ होती.

गुरुवारी ईश्वरप्पाला घेऊन ते नांदेडला गेले. दवाखान्यातल्या लहानशा खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि तिवईवर कॅमेरा होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. कागद वाचता न येणाऱ्या माणसासाठी घराबाहेरचा साक्षीदार लागतो म्हणून त्यांनी बाहेरच्या बाकावरून एका शेतकऱ्याला बोलावून घेतलं होतं. त्याचं नाव ग्यानोबा. तो धर्माबादकडचा, बायकोला दाखवायला आलेला. टोपी हातात घेऊन तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

"तुम्हाला हा कागद घरी कोणी वाचून दाखवला होता का?" बाईंनी विचारलं.

"हाव. माझ्या थोरल्या भावानं."

"सगळा?"

गुरुपादप्पा भिंतीजवळ उभे होते. ईश्वरप्पानं त्यांच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. पण सूटही नव्हती.

"पयल्यांदा… दोन जागा गाळल्या. दुसऱ्यांदा सगळा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. गुरुपादप्पांना वाटलं, आता या उठतील, कॅमेरा बंद करतील आणि म्हणतील तुमचं नाव काढून टाकलं. लाल दिवा त्यांच्याकडंच बघतोय असं वाटून त्यांनी नजर खाली घातली. हे आता कुठंतरी कायमचं राहणार होतं, आपलं नाव नसलं तरी आपलं काम.

"दुसऱ्या वेळेला किती दिवस झाले?"

"चार."

"मग आज मी स्वतः परत वाचते. काकांनी मध्ये बोलायचं नाही." हे गुरुपादप्पांना होतं. "आणि शेवटी तुम्ही मला तुमच्या शब्दांत सांगायचं. नाही सांगता आलं तर आज सही नाही."

बाई वाचत होत्या तेव्हा ग्यानोबाही मन लावून ऐकत होता. मिठाच्या पाण्यापाशी तो हळूच "आरं बापा" म्हणाला. वाचून झाल्यावर बाईंनी ईश्वरप्पाकडं मान वळवली.

त्यानं डोळे मिटले. शब्द येईनात. शांतम्मा पदराचं टोक पिळत होती. गुरुपादप्पांना त्याचा प्रत्येक शब्द ठाऊक होता, तोंडात तयार होता. लहानपणी पाढे म्हणताना भाऊ अडला की ते शेजारून कुजबुजायचे, तसं कुजबुजावं असं त्यांना अनावर वाटलं. त्यांनी दातांखाली जीभ धरली.

"माझी शीर… बुजलीय," ईश्वरप्पा म्हणाला. "ती साफ करणार. ते तर करणारच. त्याच्या आदी पाठीत एक सुई. त्यात एक तर… ते… बी हाय. मेंदूत पेरायचं. न्हाईतर नुसतं मिठाचं पाणी. कुणालाच मालूम न्हाई. पेरलं की उपटता येत न्हाई. फायदा होईल का, ते बी मालूम न्हाई." तो थांबला. "मला फायदा न्हाई झाला तरी त्यांना… कळंल. माझा एक भाऊ आठ वर्षं पडून होता. त्याच्या पोरीला कळंल."

"तुम्हाला नाही म्हणायचंय का?"

"न्हाई म्हणायचं आसतं तर लातुरात म्हटलं आसतं. दीडशे किलोमीटर कशाला येऊ?"

ग्यानोबा हसला. ईश्वरप्पानं डाव्या अंगठ्याचा ठसा दिला, शांतम्मानं सही केली. साक्षीदार म्हणून ग्यानोबानं आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं.

तपासण्यांना दोन आठवडे गेले. सुईचा दिवस उजाडला तेव्हा रविकिरणला बाजार होता. शांतम्मा आणि गुरुपादप्पाच सोबत आले. सकाळी अकराला ईश्वरप्पाला आत नेलं आणि पाऊण तासानं खाटेवरून खोलीत आणलं. त्याला सहा तास सपाट पडून राहायचं होतं. कंबरेत थोडं दुखतंय म्हणाला आणि झोपला. शांतम्मा उशाशी बसली.

गुरुपादप्पा बाहेरच्या बाकावर येऊन टेकले. सुई नेताना त्यांनी पाहिली होती. आतलं द्रव स्वच्छ होतं, कोणत्याही सुईतलं असतं तसं.

फोन वाजला. कमलम्मा होती. मागं मिक्सरचा आवाज होता, मग तो बंद झाला.

"झालं का भावजी?"

"झालं."

"कसं झालं?"

वाक्य तयार होतं. छान झालं, डॉक्टर खूश आहेत, काळजीचं कारण नाही. ते असं जिभेवर येऊन बसलं होतं की त्यांना ते जुळवावंसुद्धा लागलं नाही.

"सुई टोचली," ते म्हणाले. "त्रास झाला नाही. झोपलाय. औषध होतं का पाणी, ते माहीत नाही, कमलम्मा. आपल्याला बहुतेक कधीच कळणार नाही. आणि तीन आठवड्यांनी शीर बांधतील तेव्हा काय होईल, तेही कोणाला माहीत नाही."

पलीकडं काहीच आवाज आला नाही. ती अजून ऐकतेय का, असं त्यांना वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. ती शांतता भरून काढायला त्यांच्याकडं आयुष्यभराची वाक्यं होती. त्यांनी त्यातलं एकही काढलं नाही.

"बरं," शेवटी कमलम्मा म्हणाली. "अक्षराला मी सांगू का तुमी सांगता?"

"मी सांगतो," गुरुपादप्पा म्हणाले, "असंच सांगतो," आणि चष्मा वर सरकवून फोनमध्ये तिचा नंबर शोधू लागले.